नॉर्थ सीचा तो त्रिकोण, १/१४४ मध्ये : काम कुठवर आलंय

१९८९ मध्ये नॉर्थ सीवर एकाला दिसलेल्या, न ओळखता आलेल्या त्रिकोणी विमानाचा प्रसंग मी १/१४४ स्केलच्या मॉडेल्समध्ये मांडतोय, त्यातला टँकर (दुसऱ्या विमानांना हवेत इंधन देणारं विमान) जोडून झाला एकदाचा. केसी-१३५ खऱ्यात साडेएकेचाळीस मीटर लांब, म्हणजे १/१४४ ला जवळजवळ २९ सेंमी, आणि या किटचे दोन अर्धे भाग कुठल्या मुहूर्तावर साच्यातून काढले होते देव जाणे, पोटाखाली नाकापासून शेपटीपर्यंत फट. पुट्टी लावा, वाळू द्या, ४०० ने घासा, प्रायमर मारा, की ती फट परत हजर. एरवी पोटाकडे कोण बघतंय म्हणून सोडून दिलं असतं पण हा सेट स्टँडवर बसणारच नाहीये, छताला तंगुसाने टांगायचाय, कारण ज्याने हे बघितलं तो खालीच उभा होता. त्यामुळे पोट हाच मेन शो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. ऑगस्ट १९८९, नॉर्थ सीमधला गॅल्व्हेस्टन की नावाचा ऑइल रिग. तिथे काम करणारा क्रिस गिब्सन डेकवर येतो आणि वर बघतो तर एक केसी-१३५, बरोबर दोन एफ-१११ (पंख मागेपुढे होणारी बाँबर), आणि टँकरच्या बूमला, म्हणजे इंधन भरायच्या नळीला, लागलेला एक काळा त्रिकोण. आता माणूस कोण बघा, ब्रिटनच्या रॉयल ऑब्झर्व्हर कोअरमध्ये वर्षानुवर्षं काढलेला, म्हणजे नुसत्या आकृतीवरून विमान ओळखायचं हेच त्याचं ट्रेनिंग. आणि त्यालाच ते ओळखू आलं नाही. १९९२ च्या शेवटी त्याचं स्केच छापून आलं आणि ऑरोरा नावाचं गुप्त अमेरिकन विमान खरंच आहे असं मानणाऱ्यांना घबाड मिळालं. माझ्या मते आजवरच्या सगळ्या गूढ विमानांच्या किश्शांमध्ये हाच एक किस्सा असा आहे की ज्यावर प्लास्टिक कापायला बसावं, कारण यात मोजपट्टी आहे. शेजारी दोन ओळखीची विमानं आहेत ना! रात्री तीन दिवे दिसले छाप गोष्टींत मोजायचं काय?

तर मोजमाप असं. स्केचमधल्या त्रिकोणाचा टोकाचा कोन साधारण ३० अंश, म्हणजे कडांचा स्वीप (मागे झुकल्याचा कोन) ७५. लांबी एफ-१११ पेक्षा जास्त. एफ-१११ खऱ्यात २२.४ मीटर, आपल्या स्केलला साडेपंधरा सेंमी. मी त्रिकोण २५ मीटरचा धरलाय (हा आकडा माझा, गिब्सनचा नाही), म्हणजे १७.४ सेंमी लांब आणि मागे ९.३ रुंद. एक मिमीच्या शीटमधून कापून टँकरखाली टेपने चिकटवून बघितला आणि खरं सांगतो, दोन मिनिटं नुसता बघत बसलो. इतकं अरुंद काहीतरी टँकरच्या स्पीडला बूमवर धरून ठेवणं म्हणजे पायलटची सर्कसच असणार.

मग नेहमीची शंका, की तो तिसरा एफ-१११ च असेल पंख मागे घेतलेला. पूर्ण मागे घेतल्यावर त्याचा स्वीप ७२.५ अंश होतो, त्यामुळे शंका फालतू नाही, गिब्सनच्याही डोक्यात आधी तेच आलं होतं. म्हणून तिसऱ्या किटचे पंख मागे करून तोही शेजारी लावला. खालून बघितलं तर पंखाचं टोक आणि मागचा टेलप्लेन (शेपटीचा आडवा पंख) यांच्यातली खाच लगेच डोळ्यात भरते, आणि नाक लांब पुढे येतं ते वेगळंच. त्रिकोणाला खाचा नव्हत्या असं तो ठामपणे सांगतो. माझं मत इथे पक्कं झालं, एफ-१११ नाही. मग काय? ते प्लास्टिक सांगत नाही.

बाकी ऑरोराचा पसारा मी या सेटमध्ये घेतच नाहीये. १९८५ च्या अमेरिकन बजेटच्या कागदात ते नाव दिसलं, १९९१ पासून दक्षिण कॅलिफोर्नियात भूकंपमापकांवर सॉनिक बूम (आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाचे धमाके) उमटायला लागले, १९९२ मध्ये टेक्सासच्या अमारिलोवर दोरीत डोनट ओवल्यासारख्या धुराच्या रेषेचा फोटो निघाला, आणि लोकांनी सगळं एकाच विमानाच्या नावावर टाकलं. लॉकहीड कंपनीच्या गुप्त विमानं बनवणाऱ्या स्कंक वर्क्स विभागाच्या बेन रिचने नंतर लिहिलं की ते नाव बी-२ स्टेल्थ बाँबरच्या स्पर्धेच्या पैशांचं होतं. तो असंच म्हणणार, असं म्हणणारेही आहेत, चालू द्या.

वरच्या बाजूचं मात्र ठरवलंय. इंजिन, इनटेक, शेपट्या, कॉकपिट, काहीही करणार नाही, वरून कोरी पांढरी शीट. कोणी बघितलंच नाही तर मी कुठून आणू? १९८६ चं टेस्टर्सचं एफ-१९ आठवा, खरं स्टेल्थ फायटर असं असणार म्हणून किट काढलं, धडाधड विकलं गेलं, पार अमेरिकन काँग्रेसमध्ये चर्चा झाली, आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये एफ-११७ चा पहिला फोटो आला तर गोलगुळगुळीत किटच्या जागी सगळे सपाट पत्रे. तरी १९९३ ला त्याच कंपनीने ऑरोराच्या कल्पनेवर अजून दोन किट्स काढलीच. (मिळाली तर घेणार, ते वेगळं.)

रंगाचा घोळ अजून बाकी आहे. खालून आकाशासमोर कुठलंही विमान काळंच दिसतं, म्हणून त्रिकोण मॅट ब्लॅक न करता गडद राखाडी करायचा विचार आहे, आणि खोलीतला दिवा टँकरच्या वर लावायचा म्हणजे चारही विमानं आपोआप सावलीत जातील. एका तुकड्यावर दोन्ही रंग मारून छताला धरून बघितले, फरक फक्त ट्यूबलाइट खालून पडली तरच कळतो.

पुढचं काम बूमचं. किटमधला बूम जाडजूड आहे, तो टाकून ०.८ मिमीची पितळी नळी घेतलीये. ती त्रिकोणाला नेमकी कुठे टेकवायची हा प्रश्न आहे, कारण रिसेप्टॅकल (इंधन घ्यायचं तोंड) वर असणार आणि वरचं काही करायचं नाही असं मीच ठरवून बसलोय. सध्या तरी नळी नाकापासून ५ सेंमी मागे टेकवून सुपरग्लूचा एक थेंब, बस. कोणी १/१४४ चा उडता बूम टांगून ठेवलाय का, वजनाने वाकतो का ते सांगा, ड्रिल मारायच्या आधी.