तोनी धेतलं?

मी स्पॅनिश दुभाषी. मेक्सिकोतल्या ताबास्को राज्यात, व्हियाएर्मोसा शहरात, पुण्याहून आलेलं पॅकिंगचं मशीन बसवायचं होतं. त्या दिवशी ट्रायल तिसऱ्यांदा फसली. आमचे फिटर काका आणि तिथला सुपरवायझर एकमेकांना जे बोलले, ते सगळं माझ्याच तोंडून गेलं. संध्याकाळी कारखान्याची पोसादा होती, म्हणजे डिसेंबरातली मेजवानी. दोघं दोन टोकांना बसले.

बँड स्टेजवर आला तो डांगरी घालून, जाड चष्मे लावून. "आपल्या वर्कशॉपातलीच मान्सं दिसत्यात की," काका म्हणाले.

तो वेश गायक चिको चे याचा. तो याच शहरातला. कुम्बिया ही नाचगाण्याची तऱ्हा मूळची कोलंबियाची, पण त्याच्या 'ला क्रिसिस' बँडकडे आली आणि खट्याळ झाली. १९८९ मध्ये तो गेला, गाणी राहिली. मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर हेही ताबास्कोचेच. २०२२ मध्ये अमेरिकेने ऊर्जाधोरणावर हरकत घेतली, तेव्हा त्यांनी पत्रकार परिषदेत त्याचं 'उय, के मिएदो' लावलं: अगं बाई, घाबरलो!

ग्वीरोवर, म्हणजे खाचा पाडलेल्या भोपळ्याच्या वाद्यावर, काडी घासली गेली, खर्र-खच्-खच्, आणि आज्ज्यांपासून पोरांपर्यंत सगळे ओरडले, "केन पोम्पो?"

"काय म्हनत्यात, ताई?"

"विकत कोणी घेतलं, असं विचारतायत."

"मग त्यात हसायचं काय?"

खरंच की. अर्थ पोचवला होता, गंमत वाटेतच सांडली होती. 'किएन कोम्प्रो'चं ते बोबडं रूप. मी पुन्हा सांगितलं, "काका, तोनी धेतलं?"

काकांना हसू आवरेना. त्यांची नात अशीच बोलते. ते उठले आणि थेट नाचणाऱ्यांत शिरले.

अशा गाण्यांना थिल्लर म्हणणारे तिथेही आहेत. मला ते पटत नाही. ठेका सगळ्यांना जमत नाही, बोबडं बोलणं सगळ्यांना जमतं. त्यामुळे मांडवात कुणी परकं उरत नाही.

पुढचं 'दे केन चोन' मात्र मला मराठीत आणता आलं नाही. 'कोणाचे?' असं बोबड्यात विचारताना त्यात चड्डीही ऐकू येते. मी अडले, तेव्हा सुपरवायझरनेच पुढे येऊन कमरेचं इलॅस्टिक ताणून दाखवलं. "कळलं, कळलं!" काका ओरडले.

सकाळी मी पोचले तर दोघं मशीनवर ओणवे झालेले. सेन्सर वाकडा बसला होता. काकांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "दे केन चोन?"

मला कुणी हाक मारली नव्हती.