अपघात हैदराबादेत, दावा नांदेडात: हद्दीच्या वादातून वाट काढताना

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड, देगलूरकडची बरीच माणसं सेंट्रिंग आणि गवंडीकामाला हैदराबादेला जातात. तिथं परांचीवरून पडून कुणी दगावलं की घरच्यांना पहिलं उत्तर मिळतं, "अपघात तिकडचा, केसही तिकडंच करा." अशा दाव्यांचे कागद मी तयार करून देतो. हे उत्तर चुकीचं आहे, आणि त्यावर विश्वास ठेवून घरं गप्प बसतात, याचं वाईट वाटतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. इथं लिहितोय ते त्याआधीच्या अपघातांबद्दल, म्हणजे 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालच्या दाव्यांबद्दल.

आधी दार कोणतं ते ठरवा, गाव नंतर. माणूस ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, विमाधारक असेल तर या कायद्याखाली दावा चालत नाही, ईएसआयकडूनच लाभ घ्यावा लागतो. वाहन अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा या कायद्याखाली भरपाईचे दावे चालवणारा आयुक्त, दोन्हींपैकी एकच निवडता येतं. दोन्हीकडं अर्ज टाकून बसलेली माणसं दोन्हीकडं अडकतात.

आता गाव. कलम 21 प्रमाणे पूर्वी अपघात झाला तिथलाच आयुक्त चालायचा. 1995 च्या दुरुस्तीनं आणखी दोन ठिकाणं आली: कामगार किंवा त्याचे वारस सामान्यतः राहतात ते, आणि मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल ते. कामासाठी परगावी गेलेल्यांच्या घरच्यांना राहत्या ठिकाणी दाद मागता यावी, यासाठीच ही दुरुस्ती आहे. हनुमान प्लांटेशन कंपनीच्या प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयानं याच दिशेनं निकाल दिला. विमा कंपनीचा "अधिकारक्षेत्र नाही" हा आक्षेप आला की तो निकाल जोडायचा.

आयुक्त म्हणजे वेगळं ऑफिस शोधू नका. आपल्याकडं कुठं कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, तर कुठं दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, हे काम बघतात.

खरी अडचण येते ती "राहतात" या शब्दावर. नवरा गेल्यावर बाई लेकरं घेऊन माहेरी उदगीरला, लातूर जिल्ह्यात, येते. रेशनकार्ड सासरचं, मुखेडचं. आधारवर हैदराबादची खोली, कारण गॅस तिथं घेतलेला. अर्जात एक पत्ता, वकीलपत्रावर दुसरा. समोरचा वकील उलटतपासणीत हे सगळे कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि विचारतो, "बाई, नक्की राहता कुठं?" म्हणून दावा टाकण्याआधीच आधारचा पत्ता बदलून घ्या, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला काढा, मुलांच्या शाळेचं बोनाफाईड जोडा. अर्जात एक पूर्ण परिच्छेद फक्त राहण्यावर लिहा: केव्हापासून, कुणाच्या घरात. मयताची विधवा आई मुखेडलाच असेल तर तिलाही अर्जदार करा. तीही वारस आहे, आणि नांदेड जिल्ह्यातला दावा मग भक्कम उभा राहतो.

दुसरी चूक नोटिशीची. अपघाताच्या जागेखेरीज दुसऱ्या आयुक्तापुढं दावा चालवायचा तर अपघाताच्या भागातल्या आयुक्ताला आणि संबंधित राज्य सरकारला नोटीस गेली पाहिजे. नोटीस आयुक्तानं काढायची असते, पण आठवण आपणच करून द्यायची. पहिल्याच तारखेला लेखी अर्ज द्या, जादा प्रती आणि पूर्ण पत्ते जोडा, पोचपावत्या फाईलला लागल्यात का ते स्वतः बघा. पुढं हाच मुद्दा निघून काम मागं जातं.

मालकानं तिकडं आयुक्तांकडं रक्कम भरली असेल तर घाबरायचं कारण नाही. आपला आयुक्त ती रक्कम आणि कागद मागवून घेऊ शकतो. मालकानं परस्पर बाईच्या हातात दिलेले पैसे मात्र मृत्यूच्या भरपाईत धरले जात नाहीत. तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम एवढाच अपवाद.

एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांतले बरेच कागद तेलुगूत असतात. भाषांतर सुरुवातीलाच करून ठेवा, त्यातही नाव आणि वय अक्षर न् अक्षर जुळवून. वयावर रक्कम ठरते: कायद्याच्या तक्त्यात वयानुसार गुणक दिलाय, 30 वर्षांच्या माणसाला 207.98. पगार 15,000 धरला तर त्याच्या निम्म्याला गुणून 15,59,850 रुपये. यावर 12 टक्के साधं व्याज, म्हणजे वर्षाला 1,87,182.

सामनेवाल्यांत ठेकेदार, मूळ कंपनी आणि विमा कंपनी तिघंही घाला. नुसत्या मेस्त्रीवर दावा टाकला तर वसुलीच्या वेळी हातात काही लागत नाही.

मुदत अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नका. आणि आयुक्तांना दावा दुसरीकडचाच वाटला, तर फेटाळू देऊ नका, परत मागा. परत करताना अर्जावर दाखल केल्याची तारीख, परत दिल्याची तारीख, कारण आणि कुठल्या आयुक्तांकडं जायचं ते लिहून द्यावं लागतं. तो शेरा मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, आणि त्याची झेरॉक्स काढूनच पुढची एसटी धरा.