तुम्ही विचारलंत म्हणून: कॉन्स्टंटाइनच का?

आवडता क्रिकेटर कोण असं विचारलं की मी लिअरी कॉन्स्टंटाइन म्हणतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, अहो पण त्याला खेळताना बघितलंत कुठे? नाही बघितलं, तो 1971 ला गेला. तरीही तोच, आणि त्यात क्रिकेटइतकाच एका पेपरचाही हात आहे.

वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावरचा माणूस. वडील लेब्रन कोकोच्या मळ्यावर नोकरीला, आणि त्यांनी 1900 साली लॉर्ड्सवर सेंच्युरी मारलेली. लिअरी वकिलाच्या ऑफिसात क्लार्क होता. 1928 च्या वेस्ट इंडिजच्या इंग्लंड टूरवर लॉर्ड्सला मिडलसेक्सविरुद्ध आधी 86, मग 57 रन्समध्ये 7 विकेट्स, मग तासाभरात 103, आणि मॅच खिशात! पुढच्याच वर्षी लँकेशायरमधल्या नेल्सन ह्या कापड गिरण्यांच्या गावाने त्याला प्रोफेशनल म्हणून घेतलं, तिथे तो 9 सीझन खेळला आणि त्यातल्या 7 वेळा त्यांनी लीग जिंकली.

1932 मध्ये त्याचा लेखक मित्र सी. एल. आर. जेम्स त्याच्याकडे नेल्सनला राहायला आला. हा त्रिनिदादमधल्याच टुनापुनाचा, आणि ह्याच्या लहानपणची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. घराची खिडकी मैदानाकडे उघडायची, पोरगं खुर्चीवर उभं राहून मॅच बघायचं आणि त्याच खुर्चीवरून खिडकीत चढलं की कपाटावरच्या पुस्तकांपर्यंत हात जायचा, म्हणजे मॅच आणि पुस्तकं एकाच खुर्चीवरून! तर जेम्सने कामगार पुढारी कॅप्टन सिप्रियानी ह्यांच्यावर पुस्तक लिहिलं होतं, ते नेल्सनलाच छापलं गेलं आणि पैसे दिले कॉन्स्टंटाइनने. बॉलिंग टाकून कमावलेले पैसे छापखान्यात गेले, मला तर हे त्या 103 पेक्षा मोठं वाटतं.

1956 ला कॉन्स्टंटाइन पीपल्स नॅशनल मूव्हमेंट ह्या पक्षाकडून त्रिनिदादच्या विधिमंडळावर निवडून आला, तो टुनापुनामधूनच. 1958 ला जेम्सही बेटावर परतला आणि त्याच पक्षाचा नेशन हा पेपर चालवायला लागला (पुढे पक्षाशी बिनसलं आणि 1965 ला त्याने वी द पीपल हा स्वतःचा पेपर काढला). तेव्हा वेस्ट इंडिजचा कॅप्टन गोराच असायचा, 1948 मध्ये जॉर्ज हेडली ह्या काळ्या बॅट्समनला एका टेस्टपुरती कॅप्टनशिप मिळाली तेवढीच. जेम्सने नेशनमधून लावून धरलं की फ्रँक वॉरेल ह्या काळ्या खेळाडूला कॅप्टन करा. आपल्याकडे पालवणकर बाळू ह्या दलित बॉलरला जातीपायी हिंदू टीमची कॅप्टनशिप कधीच मिळाली नाही, त्यामुळे हे वाचताना माझ्या घशात काहीतरी अडकतं, त्यांच्यासाठी असा पेपर कुणी चालवला असता तर?

वॉरेल कॅप्टन झाला. 1960 ला ऑस्ट्रेलियात पहिलीच टेस्ट टाय, ब्रिस्बेनला, टेस्टच्या इतिहासातली पहिली टाय. सिरीज हरले, पण निरोप द्यायला मेलबर्नच्या रस्त्यांवर तोबा गर्दी.

आणि कॉन्स्टंटाइन? 1969 मध्ये तो हाऊस ऑफ लॉर्ड्समधला, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहातला, पहिला काळा लाइफ पीअर (हयातभरासाठी लॉर्ड) झाला. त्या किताबात दोन गावं आहेत, मरावल आणि नेल्सन, एक बेटावरचं, दुसरं ते पुस्तक छापलं गेलं ते.