तुंगनाथाचे बंद दार

आषाढीच्या वारीत मी सलग नऊ वर्षे आमच्या दिंडीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेले आहे, आणि त्या सगळ्या वर्षांत वाट शोधण्याची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. पुढे पताका असतात, वीणेकरी असतात, मृदंगाचा ठेका कानावर असतो. पुढच्या माउलीच्या टाचांकडे पाहत चालत राहिले की संध्याकाळी मुक्काम येतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गढवालमधल्या तुंगनाथाच्या वाटेवर मी प्रथमच एकटी चालले. ती वाट चोपत्यापासून जेमतेम साडेतीन-चार किलोमीटरांची आहे, पण तिच्यावरचे प्रत्येक पाऊल कुठे टाकायचे हे मला स्वतःला ठरवावे लागले.

तुंगनाथ हा पंचकेदारांपैकी तिसरा केदार. पांडवांना टाळण्यासाठी शंकराने बैलाचे रूप घेतले, तो जमिनीत शिरला आणि त्याचे अवयव पाच ठिकाणी प्रकट झाले. त्यांतले बाहू तुंगनाथी आहेत, अशी तिकडची श्रद्धा आहे. हिवाळ्यात हे मंदिर बंद असते. देवाची डोली खाली मक्कूमठच्या मार्कंडेय मंदिरात येते आणि उन्हाळा सुरू झाल्यावरच परत वर जाते. मग बंद दारापाशी कशाला जायचे, असे मला घरी विचारले गेले. माझी आई शेवटच्या काही वाऱ्यांत दर्शनबारीत उभी राहू शकत नव्हती. ती नामदेव पायरीवर डोके टेकवी, मान वर करून कळस पाही आणि वारी पोचली असे समाधानाने सांगे. पांडुरंगाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे हे मला तिनेच लहानपणी सांगितले होते. तिच्या पश्चात एकदा त्या शिवाच्या कळसापर्यंत, गर्दी नसताना, चालत जावे असे मनात होते.

चोपता हे ठिकाणच सुमारे २,६०० मीटरांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच. आदल्या दिवशी तिथे चार बोटे बर्फ पडला होता. हिवाळ्यात आणि वसंतात पश्चिमेकडून येणारे वाऱ्याचे झोत या डोंगरांना अडतात आणि दोन-तीन दिवस हवा बिघडवून पुढे जातात. तसा एक झोत नुकताच गेला होता आणि दुसरा येण्याच्या बेतात होता. ज्यांच्याकडे मी उतरले होते त्या भैयांनी अडचण नेमकी सांगितली. "दीदी, सकाळी हवा मोकळी असते, पण बर्फ काचेसारखा असतो. दुपारी बर्फ मऊ होतो, पण तेव्हा ढग येतात." मी सकाळ निवडली. त्यांनी बुटांना अडकवायचे लोखंडी दात्यांचे क्रॅम्पॉन भाड्याने मिळवून दिले, बांबूची काठी दिली आणि मी किती वाजता परतणार हे माझ्याकडून वदवून घेतले. बारा वाजेपर्यंत खाली दिसले नाही तर ते स्वतः वर येणार होते. एकटीने जाणाऱ्या माणसाने खाली कोणाला तरी वेळ सांगून ठेवलीच पाहिजे, हे मला तेव्हा पुरते पटले. दिंडीत हे काम मोजणी करणारे विणेकऱ्यांच्या मागचे लोक आपल्या नकळत करत असतात.

कमानीवरची घंटा वाजवून मी साडेपाचला निघाले. सुरुवातीला दोन्ही बाजूंना बुरांसची झाडे आहेत. त्यांची लाल फुले उमलली होती आणि प्रत्येक फुलात मूठभर बर्फ साचला होता. वाट दगडी फरसबंदीची आहे, पण त्या दिवशी तिचा दगड फार थोड्या जागी दिसत होता. आदल्या दुपारी वितळलेले पाणी उतारावरून वाटेवर आले होते, रात्री गोठले होते आणि त्यावर नव्या भुसभुशीत बर्फाचा पातळ थर पसरला होता. जुन्या पाऊलखुणाही गोठून वाट्यांसारख्या झाल्या होत्या. त्यांत पाय ठेवला की तो घसरे आणि बाहेर ठेवला की रुते, म्हणून प्रत्येक पावलाआधी मी काठी आपटून आवाज ऐकत होते: भसकन आवाज आला तर बर्फ, टणक आला तर काच.

एका वळणावर, जिथे ऊन पोचत नाही, मी आवाज ऐकला नाही. समोर पहिल्यांदाच चौखंबा दिसला होता, ७,१३८ मीटरांचे ते शिखर उगवतीच्या उजेडात गुलाबी झाले होते आणि मी चालता चालता तिकडे पाहिले. दोन्ही पाय एकदम निघाले. मी कुशीवर पडले, पाच-सहा हात घसरत गेले आणि लोखंडी कठड्याला अडकून थांबले. तळहात सोलवटला, गुडघा ठणकू लागला, बाकी काही झाले नाही. पण पुढच्या दोन वळणांवर कठडाच नव्हता. मी तिथे बराच वेळ बसून राहिले, क्रॅम्पॉनच्या पट्ट्या पुन्हा आवळल्या आणि मोठ्याने नामस्मरण सुरू केले. आवाज कापत होता, तरी त्याची एक लय लागली आणि पाय त्या लयीत पडू लागले. टाळ-मृदंगाचे काम काय असते हे इतक्या वर्षांत मला असे कधी कळले नव्हते.

झाडे संपल्यावर बुग्याल, म्हणजे उंचावरची कुरणे, लागली. तिथे वाट आणि उतार यांत फरक उरला नव्हता. नऊच्या सुमारास मंदिराखालची बंद दुकाने दिसली, खिडक्यांपर्यंत बर्फात बुडालेली, आणि त्यांच्यावर राखाडी दगडाचे ते उंच, अरुंद शिखर. दाराला कुलूप होते. समोरच्या नंदीच्या पाठीवर बर्फाची झूल होती. मी पायऱ्यांवरचा बर्फ हातांनी बाजूला सारला, उघड्या दगडावर डोके टेकवले आणि वर कळसाकडे पाहिले. आईची तुळशीची माळ माझ्या गळ्यात होती. ती मी दाराच्या उंबऱ्याला लावली आणि पुन्हा गळ्यात घातली.

तिथून चंद्रशिला हा वरचा माथा दीड किलोमीटरावर आहे आणि तिथे जाण्याचे मी ठरवलेले होते. वीस-पंचवीस मिनिटे चढलेही. मग नैर्ऋत्येकडून ढग आला. आधी खालचे चोपता झाकले गेले, मग मंदिर, मग माझ्याच पाऊलखुणा. साबुदाण्यासारखे बर्फकण तोंडावर आपटू लागले आणि दूर कुठेतरी गडगडले. उघड्या धारेवर विजेच्या वेळी माणूसच सर्वांत उंच वस्तू असतो. माथा डोक्यावरच असावा असे वाटत होते आणि फार जवळ आल्यासारखे वाटत होते. तरीही मी वळले, कारण खुणा पुरत्या बुजण्याआधी त्या धरून उतरणे मला शक्य होते, नंतर झाले नसते. चढताना एका तासात कापलेले अंतर उतरताना दीड तासाला गेले. कठडा नसलेली वळणे मी बसून, टाचा रुतवत पार केली.

पावणेबाराला बुरांसच्या झाडीत भैया भेटले. खांद्यावर दोराचे वेटोळे घेऊन ते वर निघालेच होते. त्यांनी आधी माझा हात पाहिला आणि मग विचारले, "दर्शन झालं?"

"कळसाचं झालं," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी हवा तशीच होती. मी जीपने मक्कूमठच्या फाट्यापर्यंत गेले आणि तिथून चालत गावात उतरले. मार्कंडेय मंदिराचे दार उघडे होते, आत दिवा होता, आणि रांगेत माझ्याशिवाय कोणी नव्हते.