तुम्ही विचारलंत म्हणून: सदाफुलीची पानं खावीत का?

वडोदऱ्यात मी औषधी वनस्पतींवर काम करते हे कळलं की दांडिया बाजारातल्या ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो: "ताई, सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध बनतं म्हणे. मग रोज चार पानं चावून खाल्ली तर?"

बनतं हे खरं. पण खाऊ नका, कळकळीने सांगते.

१९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर सदाफुलीकडे वळले ते मधुमेहासाठी. जमैकात लोक तिचा काढा घेत. उंदरांची साखर काही उतरली नाही. अर्क टोचल्यावर मात्र त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कॅन्सरवर हाच गुण कामी आला. आधी व्हिनब्लास्टिन मिळालं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टीन. लहान मुलांच्या ल्युकेमियात ते आजही देतात. नसांवर त्याचा मारा असा, की बोटं बधिर होतात. मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. आणि एक ग्रॅम मिळवायला वाळलेली पानं लागतात शेकडो किलो! चार पानांतून औषधापुरतं काही मिळत नाही, बाकीची अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतीतली तीव्र, बरेचदा विषारी रसायनं, तेवढी पोटात जातात.

ती किती असतात ते प्रयोगशाळेत दिसतं. सावलीत वाळवलेली पानं भरडून मिथेनॉलमध्ये भिजवली की गडद हिरवा, चिकट अर्क उरतो. त्याचा थेंब घटक वेगळे करणाऱ्या प्लेटवर चालवून ड्रॅगेनडॉर्फ, म्हणजे अल्कलॉइड्स दाखवणारं रसायन, फवारलं की नारिंगी ठिपक्यांची रांगच उमटते. सदाफुलीत अशी शंभरावर अल्कलॉइड्स आहेत. पुढे कॅन्सरच्या पेशींवर चाचणी: अर्क दिलेल्या पेशींवर पिवळं रसायन टाकलं की जिवंत पेशी असतील तिथे जांभळा रंग येतो, मेल्या असतील तिथे पिवळाच राहतो. पिवळं दिसलं की विद्यार्थी हरखतात. मी आधी निरोगी पेशींची प्लेट मागते. काचेतल्या पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात, आणि निरोगी पेशीही मारणारे बरेचसे अर्क इथेच बाद होतात.

घरात कुणाची कीमो चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, त्यात व्हिन्क्रिस्टीन आहे का. असेल तर सदाफुलीतलं औषध तुमच्या माणसाला मिळतंच आहे, शुद्ध करून, मोजून. वर कुठलाही काढा देत असाल तर तोही त्यांच्या कानावर घाला. व्हिन्क्रिस्टीन यकृतात मोडतं. काही वनस्पतींमुळे ते मोडणं मंदावतं आणि ठरवलेला डोस अंगावर येतो.