बाहत्तरचा दुष्काळ, एआय आणि माझ्या कादंबरीचा प्लॉट

१९७२ च्या दुष्काळावर कादंबरी लिहायची हे कॉलेजपासून डोक्यात होतं. आमच्या माणदेशात कुठल्याही घरात जा, म्हाताऱ्या माणसांजवळ बाहत्तरचा विषय काढला की दुपार गेलीच समजा. आत्याच्या आठवणी मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकर, सुकडी, सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडताना हाताला आलेले फोड, मुकादमाची मिजास, सगळं होतं, नव्हता तो फक्त प्लॉट. आठवणीत सगळं एकदम येतं ना, कादंबरीत ते एकामागून एक यावं लागतं आणि आधीच्यामुळे पुढचं घडावं लागतं.

मग हल्ली सगळे करतात तेच केलं. चंद्रा नावाची बाई, नवरा मुंबईला गिरणीत, घरी सासरा आणि दोन बैल, गावाजवळ पाझर तलावाचं काम, एवढं एका चॅटबॉटला टाईप करून दिलं आणि म्हटलं प्लॉट करून दे. काही सेकंदात तीन अंकी आराखडा हजर! पहिल्या अंकाच्या शेवटी चंद्राच्या आयुष्यात वादळ, मधोमध विश्वासघात, शेवटी भ्रष्ट मुकादमाविरुद्ध चंद्राचा मोर्चा आणि शेवटच्या पानावर धो धो पाऊस. वाचायला झकास होतं हो. आणि दुष्काळी कामावरच्या मजुरांचे मोर्चे, संप झालेच नाहीत असंही नाही, पण आत्याच्या बोलण्यात चंद्रासारखी एकटी बाई सगळ्यांच्या पुढे उभी राहून भाषण देतेय असं कधी आलं नव्हतं. तिच्या बोलण्यात वाट बघणं होतं. पावसाची, मनीऑर्डरची, पगाराची.

मग बाकीच्या पद्धती बघितल्या. रँडी इंगरमन्सनची स्नोफ्लेक पद्धत मला खरंच आवडली, आधी गोष्ट एका वाक्यात लिहायची, मग ते वाक्य परिच्छेदाएवढं वाढवायचं, मग प्रत्येक कॅरेक्टरची वेगळी माहिती, असं करत दहा पायऱ्या. पण माझं एक वाक्यच होईना. जपानी किशोतेनकेत्सु त्यापेक्षा जवळची वाटली, चार भाग, त्यात खलनायक लागतोच असं नाही, तिसऱ्या भागात एकदम वेगळीच गोष्ट आणून शेजारी ठेवायची आणि चौथ्यात दोन्हींचा मेळ घालायचा. त्यातून मला गिरणगावातला नवरा मिळाला, म्हणजे मध्येच एक अख्खं प्रकरण लालबागच्या खोलीत, जिथे नळाला पाणी येतं. ते ठेवलं.

सांगाडा मात्र सापडला पंचांगात. पावसाची नक्षत्रं नऊ, मृगापासून हस्तापर्यंत, प्रत्येक साधारण तेरा-चौदा दिवसांचं, आणि आमच्याकडे माणसं तारखेनं नाही, नक्षत्रानं बोलतात, तरणा पाऊस (पुनर्वसू) गेला, म्हातारा (पुष्य) पण गेला. मृग ते हस्त अशी नऊ प्रकरणं, प्रत्येकात आशा थोडी कमी आणि उधारी थोडी जास्त. हस्तानंतर पावसाची नक्षत्रं संपतात, तिथून पुढे माणसांचा वेळ मोजतं ते मस्टर, म्हणजे कामावरचं हजेरीपुस्तक, हजेरी लागली का, मोजमाप झालं का, पगार कधी. मे १९७३ पर्यंत राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, म्हणजे हे एकट्या चंद्राचं कॅलेंडर नव्हतं. म्हणून कादंबरीचा दुसरा भाग मस्टरवर चालतो, पुढच्या मृगापर्यंत. हे चॅटबॉटने सुचवलेलं नाही बरं का, पण एकदा सांगितल्यावर त्याने तक्ता फार सुंदर करून दिला. नक्षत्र, विहिरीचं पाणी, कणगीतलं धान्य, बैल आहेत की छावणीत की विकले, कोण कोणाचं किती देणं लागतं. प्रकरण झालं की त्याला द्यायचं आणि सांगायचं, तक्ता पुढे ने आणि विकलेला बैल परत दावणीला दिसला तर ओरड. एकच त्रास, देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (चॅटबॉट मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो ते) लागतात, त्यामुळे मोठी फाईल टाकली की मर्यादा लवकर येते आणि आधीचं सुटायला लागतं. म्हणून एकेक प्रकरण, सोबत आधीचा तक्ता.

इतिहासाच्या बाबतीत मात्र त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. माझ्या चॅटबॉटने बाहत्तर सालीच रोजगार हमीचा कायदा लागू करून टाकला, तो कायदा १९७७ चा. एकदा तर रेल्वेने पाणी आणलं, ते मिरजेहून लातूरला गेलेलं, २०१६ चं! शेवटी मी माझी कात्रणं, टिपणं आणि आत्याच्या रेकॉर्डिंगचं टंकलेखन गूगलच्या नोटबुकएलएममध्ये टाकलं, ते आपण दिलेल्या कागदांवरून उत्तर देतं आणि कुठल्या कागदातून घेतलं तेही दाखवतं, त्यामुळे ताडून बघणं सोपं जातं.

गद्य लिहून घ्यायचा प्रयोगही केला. सासरा सुनेला म्हणतो, तुझ्या धैर्याला माझा सलाम. माणदेशातला सासरा असं बोलला तर बैल हसतील. शिवाय प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक सुविचार! ते त्याच दिवशी बंद केलं आणि उलट काम लावलं, तू एक ओळ लिहायची नाहीस, मला एकेक प्रश्न विचार आणि उत्तर मोघम वाटलं तर तोच परत विचार.

तिथे तो खरा कामाला आला. बरेचसे प्रश्न पुस्तकी होते, चंद्राचं स्वप्न काय वगैरे, पण एक असा होता की मी खुर्चीतून उठलेच. मस्टरवर चंद्राचं नाव होतं का, आणि पैसे कोणाच्या हातात पडायचे? मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "नाव माझंच हुतं पोरी, पैसं मामंजींच्या हातात." आणि मग हळूच, ब्रासाचा, म्हणजे खडी मोजायच्या मापाचा, हिशोब तिला तोंडपाठ झाला होता, त्यामुळे किती पैसे आले हे मामंजींनी न सांगताच तिला कळायचं. झालं, हाच माझा प्लॉट! चंद्रा खडीचे ढीग मोजायला शिकते, घरात कोण किती लपवतंय हे तिला कळतं, आणि ती स्वतः काय लपवायचं ते ठरवते. मोर्चा नाही, पण शेवटच्या प्रकरणापर्यंत ताण टिकतो.

आता प्रकाशनाचं. ॲमेझॉनच्या केडीपीवर (आपलं पुस्तक आपणच प्रकाशित करायची सोय) पुस्तक टाकताना २०२३ पासून विचारतात, मजकूर एआयने लिहिलाय का. प्रश्नोत्तरं, तक्ते असली मदत घेतली असेल आणि लिहिलं तुम्हीच असेल तर ते सांगणं बंधनकारक नाही. ओळखीचे एक प्रकाशक म्हणतात मनोगतातही एआयचं नाव काढू नका, लोक म्हणतील मशीनने लिहिलंय. मी त्या प्रश्नासकट सगळं लिहिणार आहे, आणि फोनवर आत्याने काय उत्तर दिलं तेही. फक्त आत्याला आधी विचारायचंय, कारण मामंजींची मुलं-नातवंडं अजून त्याच गावात आहेत.