पणजीवर कसलं गो गाणं?

बुधवार, रात्री

पाऊस खळेना, म्हणून घरातच बसून अमेरिकन गायिका सुझान व्हेगाचा 'ब्यूटी अँड क्राइम' हा अल्बम सलग ऐकला. २००१नंतर तिचा नवा अल्बम आला नव्हता. २००७मध्ये ती परतली, तेही ब्लू नोट या जाझसाठी गाजलेल्या कंपनीकडून, आणि येताना अख्खं न्यूयॉर्क घेऊन आली.

गिटार घेऊन एकटी गाणारी बाई म्हटली की मला उगाच डोंगर, ओढे आठवतात. हिच्या गाण्यांत रस्ते. 'लडलो स्ट्रीट' २००२ साली वारलेल्या भावासाठी आहे. भाऊ गेला, त्याचा रस्ता तिथेच आहे. रडारड अजिबात नाही. पण मी अडकले ते 'एंजल्स डोअरवे'पाशी. कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या जागी काम करून घरी येणारा पोलीस. ती धूळ, तो वास त्याने आत आणायचा नाही, दाराशीच टाकायचा. एवढ्या मोठ्या घटनेचं गाणं आणि ते उंबरठ्यावर काढून ठेवलेल्या कपड्यांवर! हे गाणं मी परत परत लावलं.

ध्वनिमुद्रणासाठी या अल्बमला २००८ साली ग्रॅमी मिळालं. मला मात्र तो जरा जास्तच गुळगुळीत वाटतो. तिच्या आवाजाला एवढ्या सजावटीची गरज नाही.

मग मनात आलं, गोव्यातल्या आमच्या पणजी शहराचं काय? बा. भ. बोरकरांपासून आमच्या कवितेत माड आहेत, शेतं आहेत, देवळं आहेत. मांडवी आहे, पण कॅसिनोच्या दिव्यांची नाही. बेतीची फेरीबोट नाही. अठरा जून रस्ता नाही. राममनोहर लोहियांनी पोर्तुगीज राजवटीविरुद्ध १८ जून १९४६ला सभा घेतली मडगावात, त्या तारखेच्या नावाचा रस्ता झाला पणजीत, आणि आता 'अठरा जूनला जाऊया' म्हणजे चपला घ्यायला. यात गाणं नाही?

आईला फोनवर हे सांगितलं. फोंड्याहून तिचं उत्तर तयारच होतं, "पणजीवर कसलं गो गाणं? पार्किंगचं?"

मी हसले खरी, पण चालेल की पार्किंगचंसुद्धा. 'न्यूयॉर्क इज अ वुमन'मध्ये बाहेरून आलेला एक पुरुष शहरावर भाळतो, शहराला मात्र तो कितव्यातला कितवा. पणजीतल्या आमच्या मळा या जुन्या वस्तीत हे रोज घडतं. मामाच्या दाराला चिकटून काळ्या पाटीची भाड्याची गाडी, पायरीवर पोज देणारं जोडपं, मागे पदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल अडकलेली, तो भोंगा वाजवून वाजवून थकलेला. आणि शिंपल्यांच्या तावदानाची खिडकी अर्धी उघडून मामी ओरडते, "फोटो झाले असतील तर पाव येऊ द्या!"